कोणाला काय केव्हा कळलं

कादंबरीचा पहिला खर्डा लिहायला वर्षं लागतात आणि वाचक ती दोन-तीन रात्रींत वाचून संपवतो. दुसऱ्या खर्ड्याला हात घालताना मी हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवते. तिसऱ्या प्रकरणात आजीच्या हातात पाटल्या होत्या की बिलवर, हे तिसावं प्रकरण लिहिताना माझ्या लक्षात नसतं, कारण मध्ये दोन पावसाळे गेलेले असतात. वाचकाने मात्र त्या पाटल्या कालच पाहिल्यात. त्याची आठवण माझ्यापेक्षा ताजी असते. पुनर्लेखनाच्या काळातल्या माझ्या सगळ्या वह्या, तक्ते आणि याद्या या ताज्या आठवणीच्या माणसासाठी आहेत.

माझी कादंबरी पानशेतच्या पुराची आहे. नारायण पेठेतला एक वाडा, त्यातली बिऱ्हाडं आणि १९६१चा पावसाळा. १२ जुलैला सकाळी आंबी नदीवरचं, अजून पुरतं बांधूनही न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरण काही तास तग धरून राहिलं आणि मग तेही गेलं. मुठेचं पाणी पेठांत शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. पुण्यात आजही अशी घरं आहेत जिथे ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी वर्षं मोजतात. म्हणजे माझ्या वाचकांत काही जण असे असणार, ज्यांना गोष्टीतला दिवस स्वतःचा म्हणून आठवतो. कल्पित माणसांची सुखदुःखं ते समजून घेतील. पाणी कोणत्या बाजूने आलं याबद्दल मात्र ते मला सवलत देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये.

खर्डा संपला की मी तो काही महिने कपाटात ठेवते. मग एका बाजूने छापून घेते, म्हणजे उघडल्यावर डावीकडचं पान कोरं राहतं, आणि झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल घालून घेते. पहिलं वाचन हातात पेन न घेता. हे जमायला कठीण असतं, पण त्याचं कारण पक्कं आहे. पेन हातात असलं की ते स्वल्पविरामांकडे धावतं. जे प्रकरणच पुढे वगळलं जाणार आहे त्यातलं एखादं वाक्य मी तासभर घासत बसते, आणि इतकं घासल्यावर ते प्रकरण काढायला मन तयार होत नाही. म्हणून आधी फक्त वाचायचं. प्रत्येक प्रकरण संपलं की स्पायरल मिटायची आणि वहीत एकच ओळ लिहायची : हे प्रकरण सुरू होण्याआधी काय होतं आणि संपल्यावर काय झालं.

ही ओळ लिहिताना पुस्तक खरं कुठे आहे ते दिसायला लागतं. काही प्रकरणांची ओळ लगेच सुचते. ‘मालकांना पहिल्यांदा कळतं की भाडेकरू त्यांच्यावाचून राहू शकतात.’ काहींची सुचतच नाही, नुसतंच ‘सगळे जेवतात, पावसाबद्दल बोलतात’ असं लिहावं लागतं. तिथे वर्णन कितीही चांगलं असलं तरी गोष्ट थांबलेली असते.

मग या ओळी मी कार्डांवर उतरवते. अप्पा बळवंत चौकात जाड पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं मिळतात. एका प्रकरणाला एक कार्ड. खोलीत सतरंजी घालून सगळी ओळीने मांडायची आणि उभं राहून बघायचं. संगणकाच्या पडद्यावर एका वेळी एक पान दिसतं, इथे अख्खं पुस्तक एका नजरेत येतं. पूर येण्याआधीची कार्डं सतरंजीचा निम्म्याहून जास्त भाग खात होती. पूर हा पुस्तकाचा कणा आहे असं मी मानत होते आणि सतरंजी सांगत होती की पुस्तकाचा खरा जीव आधीच्या बारा-तेरा दिवसांच्या साध्या संसारात आहे. मी सतरंजीचं ऐकलं. पूर आहे तेवढाच ठेवला आणि त्यानंतरच्या चिखलाच्या दिवसांना जागा दिली.

दोन कार्डांवर जवळजवळ एकच ओळ आली तर त्यातलं एक प्रकरण जातं. ‘वगळलेलं’ नावाची एक फाइल आहे. काढलेला प्रत्येक मजकूर तिच्यात जातो, वर तारीख आणि कोणत्या प्रकरणातून काढला ते. पुसून टाकायचं म्हटलं की हात अडखळतो. दुसरीकडे ठेवायचं म्हटलं की सहज उचलला जातो. त्या फाइलमधून परत कादंबरीत आलेला मजकूर फार थोडा आहे. पण ती आहे म्हणून मला निर्दय होता येतं.

आता वेळापत्रकाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझा सर्वांत जास्त वेळ तिथे गेला आणि त्याचं मला समाधान आहे.

सुरुवातीला साधा तक्ता होता : तारीख, वार, प्रकरण, घटना. १२ जुलै १९६१ हा बुधवार. म्हणजे शाळा-कचेऱ्यांचा दिवस, मुलं दप्तर घेऊन बाहेर पडलेली, पुरुष सायकलीवर कामाला निघालेले. हा एक वार नीट मनात धरला की त्या सकाळी वाड्यात नेमकं कोण असणार हे आपोआप ठरतं : म्हातारी माणसं, बायका आणि तान्ही मुलं. मग तिथीचा रकाना वाढवला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे सगळे सण उशिरा गेले. पूर आला तो दिवस निज ज्येष्ठातली अमावास्या. आषाढी अजून यायची होती. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नुकत्याच पुण्याहून पुढे गेल्या होत्या. गणपती आले ते थेट सप्टेंबरच्या मध्याला.

या एका रकान्याने किती गोष्टी दिल्या! पुराच्या रात्री, वीज गेलेल्या पुण्यात, पाणी ओसरत असताना चिखलावर चांदणं पडलंय असं लिहिण्याचा मोह कुणालाही होईल. पंचांग सांगतं की चंद्र नव्हताच. मग ती रात्र मला ऐकू येणाऱ्या गोष्टींवर लिहावी लागली : कुठे भिंत बसल्याचा आवाज, कुणी कुणाला नावाने हाक मारतंय, कंदील कुणाकडे आहे याची विचारपूस. ते प्रकरण आता पुस्तकातलं मला सर्वांत जवळचं आहे. पालख्यांमुळे आणखी एक गोष्ट मिळाली. वाड्यात दोन दिवस वारकऱ्यांचा मुक्काम होऊन गेलेला, ओसरी नुकतीच सारवलेली, मोठी पातेली घासून पालथी घातलेली. पूर आला तेव्हा ती पातेली हाताशी होती.

मग एक रकाना असा वाढवला, जो पुढे सगळ्या पुस्तकावर राज्य करायला लागला. त्याचं नाव ‘कोणाला काय केव्हा कळलं’.

१९६१चं पुणं. वाड्यात फोन नाही. गल्लीत असलाच तर एखाद्या डॉक्टरांकडे. आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे, पण रेडिओ एकाच बिऱ्हाडात. ११ जुलैच्या रात्री तिकडे पानशेतवर लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत होते आणि इकडे माझा वाडा निवांत झोपला होता. बातमी चालत येते, सायकलवर येते, ओरडत येते, आणि वाटेत बदलते. पुलावर पाणी बघायला गेलेला मुलगा एक सांगतो, दूधवाला दुसरं. लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही, असं त्या दिवसाबद्दल बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. कादंबरीत हे उभं करायचं तर प्रत्येक पात्राला प्रत्येक तासाला काय माहीत आहे आणि ते कुणाकडून, हे मला ठाऊक असायला हवं. नाहीतर साडेनवाला माजघरात असलेली बाई साडेदहाची भीती बाळगायला लागते. वाचकाला कदाचित बोट ठेवून सांगता येणार नाही, पण प्रसंगातली हवा गेलेली त्याला जाणवते.

म्हणून तक्त्यात खाली तास आणि आडवी पात्रांची नावं. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी : तो कुठे आहे, त्याला काय माहीत आहे. डेक्कनवरच्या बँकेत असलेला माणूस पूल पाण्याखाली गेल्यावर पेठेत येऊ शकत नाही. त्याला समोरच्या काठावरून आपली गल्ली दिसत नाही, फक्त पाणी दिसतं. त्या दुपारी त्याच्या चौकटीत मी लिहिलंय, ‘काहीच नाही’. त्याच्या बायकोच्या चौकटीतही तेच. ती मुलांना घेऊन पर्वतीकडे चालत निघालीय. नारायण पेठेतून पर्वतीचा पायथा म्हणजे एकट्या माणसाची अर्ध्या-पाऊण तासाची चाल. कडेवर एक, बोटाला एक आणि रस्त्यात लोटलेली गर्दी, तर दुप्पट धरायला हवी. मी तो रस्ता घड्याळ लावून चालले आहे. दोघं एकमेकांना भेटतात ती वेळ माझ्या सोयीने ठरवता येणार नाही, ती पाण्याने ठरवली आहे. हे एकदा स्वीकारलं की कथानकाची ओढाताण थांबते. मग मला फक्त एवढंच विचारायचं असतं की या माणसांनी त्या मधल्या तासांत काय केलं असेल.

काळ तपासून झाला की मी पुस्तक एका वेगळ्याच क्रमाने वाचते. एक पात्र घ्यायचं आणि फक्त त्याचीच पानं सलग वाचायची. मालकांचं वाचायचं, मग रेडिओवाल्या बिऱ्हाडातल्या काकूंचं, मग तळघराशेजारच्या खोलीत राहणाऱ्या दत्तूचं. बाकीचं पुस्तक नाहीच असं समजून. दुय्यम पात्रांना या वाचनाचा फार फायदा होतो. त्यांची पानं थोडी असतात, त्यामुळे ती सलग वाचली की लगेच कळतं की हा माणूस नुसता दारं उघडायला आणि निरोप द्यायला ठेवलाय का. दत्तू तसा होता. त्याची पानं वाचून संपली तेव्हा मला त्याच्या वडिलांचा आवाज माहीत नव्हता. आता आहे.

याच वाचनात आणखी एक तक्ता तयार झाला : कोण कोणाला काय म्हणतं. मराठी कादंबरीला हा तक्ता लागतोच असं माझं ठाम मत आहे. साठ वर्षांपूर्वीच्या वाड्यात मुलं आईला ‘वहिनी’ म्हणतात, कारण घरातल्या काका-आत्यांच्या तोंडून तेच ऐकलेलं असतं. वडील ‘अण्णा’. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नवराही चारचौघांत ‘अगं, ऐकलंस का’ एवढंच म्हणतो. सासू सुनेला एकेरीत, सून सासूला ‘अहो’. भाडेकरू मालकांना अहो-जाहो, मालक वयाने लहान भाडेकरूंना अरे-तुरे, पण शिक्षक असलेल्या भाडेकरूला मात्र आदराने. ही सगळी घडी पुस्तकभर कडक पाळावी लागते, कारण मला ती एकदाच मोडायची आहे. पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागलेलं असताना शिक्षक मालकांना हाताला धरून वर ओढतात आणि ओरडतात, “अरे, सोड ती पेटी!” त्या एका ‘अरे’साठी आधीच्या तीनशे पानांत त्यांच्या तोंडी कुठेही चुकूनसुद्धा एकेरी येता कामा नये. आलं, तर हा क्षण वाचकाच्या कानावर पडणारच नाही.

तक्ते आणि याद्या कोरड्या असतात असं म्हणणाऱ्यांना मी हे एक उदाहरण नेहमी सांगते.

नावांचं काम याहून किचकट. कादंबरीच्या नायिकेचं नाव पहिल्या खर्ड्यात यमुना होतं. पुराच्या गोष्टीत नदीचं नाव फार मोठ्याने बोलतं, म्हणून ते बदलून शालिनी केलं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला अशा वेळी संगणकाला एक आज्ञा दिली की पुरते. मराठीत नाव विभक्ती लागताच बदलतं : यमुना, यमुनेला, यमुनेच्या. शिवाय यमुनाबाई, यमुनाताई, लाडाचं यमू, आईने रागावून मारलेली हाक ‘यमे’. प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. वाड्यातल्या कीर्तनात बुवा गोकुळाचं वर्णन करताना यमुनेच्या तीरावर जातात, ती यमुना जागची हलता कामा नये. ‘रमा’सारखं छोटं नाव असेल तर संगणक ‘प्रमाण’ आणि ‘परमार्थ’सुद्धा काढून दाखवतो, कारण त्यांच्या पोटात ती अक्षरं आहेत. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी टंकलं जातं, दिसायला सारखं आणि शोधायला वेगळं, त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ शोधला तर निम्मे वकील सापडतच नाहीत. यावर एकच उपाय मला माहीत आहे. रूपांची यादी कागदावर करायची, एकेक रूप शोधायचं, प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचायचं आणि मग बदलायचं. वेळ खूप जातो. पण ‘यमुनेने’ आणि ‘शालिनीने’ यांचा ठेका वेगळा असल्यामुळे आजूबाजूची वाक्यंही थोडी हलवावी लागतात, आणि ते थांबल्याशिवाय कळत नाही.

साधनांबद्दल अनेक जण विचारतात, त्यांना थोडक्यात सांगते. कोणतं सॉफ्टवेअर याला मी फार महत्त्व देत नाही. मजकूर एका फाइलमध्ये, तक्ता एक्सेलमध्ये, बाकी सगळं वहीत. रंग दोनच : गोष्टीतल्या बदलाला लाल, वस्तुस्थिती तपासायला निळा. पाच-सहा रंगांच्या पट्ट्या लावल्या की काही दिवसांनी कोणता रंग कशाचा हेच आठवावं लागतं. फाइलच्या नावात तारीख आधी, आणि ‘अंतिम’ हा शब्द कधीच नाही. रोजचं काम संपलं की एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक स्वतःला मेल, आणि महिन्यातून एकदा एक छापील प्रत दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे. पेठांमधल्या घरांतून त्या एका दिवसात किती हिशेबाच्या वह्या, पत्रिका, फोटो आणि हस्तलिखितं वाहून गेली हे लिहिणाऱ्या बाईने आपली प्रत एकाच छपराखाली ठेवू नये, असं मला वाटतं.

काळाच्या बारीक खुणांची यादी वेगळी आहे, निळ्या पेनाची. नवं महाराष्ट्र राज्य होऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं. नाणी दशमान झाली होती १९५७मध्ये, नाण्यांवर ‘नये पैसे’ होते, पण बाजारात तोंडी चार आणे, आठ आणेच. किलो नुकताच येत होता; काकू शेर-पावशेरच म्हणणार आणि त्यांचा मुलगा त्यांना सुधारणार. ही सगळी माहिती पुस्तकात घालायची नसते. ती मला माहीत असली की पात्रं ती न बोलता वागतात.

एक खूण मात्र मुद्दाम पानावर दिसेल अशी ठेवली आहे. पुराची बातमी ऐकून वाईहून शालिनीच्या आत्याचं पत्र येतं. १९६१चं पत्र. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले १९६२मध्ये, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले ते त्यानंतर. आत्याबाई जुन्या वळणाच्या, शाळेत जसं शिकल्या तसं लिहिणाऱ्या. त्यामुळे त्यांच्या पत्रात, “तेथें सर्व सुखरूप आहेत ना? येथें कांहीं कळत नाहीं. मुलें कोठें आहेत?” असंच हवं. त्या टिंबांमध्ये मला त्यांचं वय दिसतं, शाईत बुडवलेला टाक दिसतो. पण बाकी अख्खी कादंबरी आजच्या लेखनात आणि मध्ये हे एक पत्र, म्हणजे काळजीने काम करणारा मुद्रितशोधक ते अनुस्वार सर्वांत आधी काढणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून हस्तलिखितासोबत एक पान जातं. कोणत्या प्रकरणातला कोणता मजकूर जुन्या लेखनात आहे, पानशेतजवळच्या वेल्ह्याकडच्या माणसांचे संवाद कोणत्या पानांवर आहेत, त्यातलं ‘न्हाई’ आणि ‘व्हतं’ कुठे कुठे आहे, तारखा अंकांत की अक्षरांत, नावांचं ठरलेलं लेखन काय. हे पान तयार करताना माझेच बरेच निर्णय पक्के होतात. बोलीतले संवाद मी पुढे एकदा मोठ्याने वाचले, तेव्हा त्या बोलीतला ‘न्हाई’ दर वेळी ‘न्हाई’च असतो का, की घाईत नुसता ‘न्हाय’ होतो, हे कानाने ठरवलं आणि पानावर तसं लिहिलं.

मोठ्याने वाचन हे सगळ्यांत शेवटचं. तोवर बाकी सगळे प्रश्न मिटलेले असावेत, म्हणजे कान मोकळे राहतात. माझी आत्या त्या काळी शनिवार पेठेत राहायची, तेव्हा ती शाळेत होती. तिला मी प्रकरणं वाचून दाखवते. ती गोष्टीबद्दल क्वचितच बोलते. ती वासाबद्दल बोलते. पाणी ओसरल्यावर घराघरांत भिजलेल्या धान्याचा जो आंबूस वास सुटला, तो तिला चिखलापेक्षा जास्त आठवतो. नळ बंद पडल्यावर वाड्यांच्या विहिरी पुन्हा उपसायला काढल्या, त्यांच्या रहाटाचा आवाज तिला आठवतो. ती सांगते ते मी लगेच पुस्तकात घालत नाही. आधी वहीत, तारीख टाकून, ‘आत्या’ असं लिहून. तिची आठवण आणि माझी कल्पना यांची सरमिसळ होऊ नये. उद्या कुणी विचारलं, तर कोणती गोष्ट कुठून आली हे मला सांगता यायला हवं.

सर्वांत महत्त्वाची वही शेवटी ठेवली होती. वाण्याकडे असते तशी ही उधारीची वही आहे. गोष्टीत मी वाचकाच्या मनात जे जे प्रश्न उभे केले, ती माझी उधारी. डावीकडे कोणत्या प्रकरणात घेतली, उजवीकडे कुठे फेडली. चौथ्या प्रकरणात काकू कोनाड्यात काय लपवतात? फेड : एकतिसावं. सातव्यात मालक कोणाचं पत्र न वाचता फाडतात? फेड : छत्तिसावं. पुनर्लेखनात प्रकरणं पुढे-मागे होतात, तेव्हा फेड आधी आणि उधारी नंतर अशी उलटापालट होऊ शकते. वही समोर असली की ते तिथल्या तिथे दिसतं.

चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्या मासिक भागांमध्ये लिहायचा आणि प्रत्येक भागासाठी टिपणांचा एक कागद करायचा. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात तो स्वतःलाच प्रश्न विचारत असे : अमक्याला या भागात आणायचं का? आणि पुढे उत्तर लिहीत असे, हो, नाही, अजून नको. ते कागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपलेले आहेत. मला त्यातलं ‘नाही’ फार मोलाचं वाटतं. प्रश्न विचारून ‘नाही’ लिहिणं आणि प्रश्न विसरून जाणं, यांचा परिणाम पानावर सारखाच दिसतो, दोन्हीकडे जागा रिकामीच. पण लिहिणाऱ्याला त्यातला फरक माहीत असला पाहिजे, आणि वाचकालाही तो जाणवला पाहिजे. त्याची आठवण ताजी आहे, तो वाट बघतोय.

माझ्या वहीत अशी एक उधारी उरली आहे. अठराव्या प्रकरणात दत्तूचे वडील सकाळी चपला घालून ‘जरा पाणी बघून येतो’ म्हणून ओंकारेश्वराकडे जातात. ते परत येत नाहीत. त्यांचं काय झालं हे पुस्तकात कुठेच नाही. हस्तलिखित वाचलेल्या दोघा-तिघांनी विचारलं, ते कुठे गेले, तू विसरलीस का? मी बराच विचार केला. एखादं नाव यादीत सापडणं, एखाद्या ओळखीच्या माणसाने काही पाहिलेलं असणं, असं काहीही लिहिता आलं असतं. पण पुरानंतर काही घरांना आपल्या माणसाचं नक्की काय झालं हे कधीच कळलं नाही, आणि त्या घरांची गोष्ट या पुस्तकात असायला हवी. उजव्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. तक्त्यात दत्तूच्या आईची ती चौकट बारा जुलैपासून शेवटच्या प्रकरणापर्यंत रिकामी राहील.

वाचकाला मात्र कळायला हवं की ती मी जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे. त्यासाठी एकोणचाळिसाव्या प्रकरणात दोन वाक्यं घालायची ठरवली आहेत. वाडा राहण्याजोगा उरलेला नाही, दत्तूची आई पूरग्रस्तांच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड हलवते, आणि जाताना नवा पत्ता तीन ठिकाणी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवते : काकूंकडे, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आणि ओंकारेश्वराच्या पुजाऱ्यांच्या घरी. तिला लिहिता येत नाही, तेव्हा चिठ्ठ्या शालिनीच्या अक्षरात असणार, म्हणजे शालिनी त्या दिवशी वाड्यात हवी. तक्त्याप्रमाणे ती त्या आठवड्यात वाईला आहे. तेव्हा एक तर शालिनीचं जाणं पुढे ढकलायचं, नाहीतर चिठ्ठ्या शिक्षकांनी लिहायच्या. शिक्षकांनी लिहिल्या तर पत्त्यात दत्तूच्या आईचं नाव ते कसं लिहितील, हे आधी ठरवावं लागेल. आजवर त्यांनी तिला नावाने हाक मारलेली नाही.